वेस्ट केनेट लाँग बॅरो

वेस्ट केनेट लाँग बॅरो ही इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील नवाश्मयुगीन दगडी समाधी आहे. ती एव्हबरी या गावाच्या दक्षिणेस, केनेट नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका उंचवट्यावर आहे. ‘लाँग बॅरो’ म्हणजे दफनासाठी रचलेले मातीचे व दगडांचे लांबट टेकाड. ही समाधी इ.स.पू. ३६५० च्या सुमारास बांधली गेली. त्यामुळे ती स्टोनहेंजमधील प्रचंड शिलावर्तुळाहून आणि इजिप्तच्या गिझा येथील पिरॅमिडांहून सुमारे एक हजार वर्षांनी जुनी ठरते.

रचना

टेकाड पूर्व-पश्चिम पसरलेले असून त्याची लांबी सुमारे १०० मीटर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना चर खणून निघालेला खडूसारखा पांढरा, मऊ चुनखडक टेकाडाच्या भरावासाठी वापरला गेला. हे चर आता बुजले आहेत.

एवढ्या मोठ्या टेकाडाचा फारच थोडा भाग प्रत्यक्ष दफनासाठी होता. पूर्वेच्या टोकाकडून सुमारे १२ मीटर लांबीची एक मार्गिका आत जाते. तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन कक्ष आणि शेवटी एक कक्ष, असे एकूण पाच दफनकक्ष आहेत. भिंतींसाठी व छतासाठी ‘सारसेन’ नावाच्या कठीण वाळूखडकाच्या शिळा वापरल्या आहेत. हा दगड त्याच परिसरात मिळतो. उभ्या शिळांमधील फटी मात्र पश्चिमेकडून, कित्येक किलोमीटरांवरून आणलेल्या चुनखडीच्या चिपांनी भरल्या होत्या. कोकणातील गडग्याप्रमाणे हे दगड चुना किंवा चिखल न वापरता एकमेकांवर बसवलेले होते. आतील एका शिळेवर दगडी कुऱ्हाडी घासून गुळगुळीत केल्याच्या खुणा आहेत.

उत्खनन

सतराव्या शतकात मार्लबरो येथील टूप नावाचा वैद्य औषध तयार करण्यासाठी या परिसरातील मानवी हाडे उकरून नेत असे. या टेकाडावरील काही जुने खड्डे त्याच्याच खोदकामाचे असावेत, असे मानले जाते. १८५९ मध्ये जॉन थर्नम यांनी पश्चिमेकडील कक्ष उघडला. उरलेले चार कक्ष त्यांच्या लक्षात आले नाहीत, आणि म्हणूनच त्यांतील अवशेष जागेवर टिकून राहिले. १८८२ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याच्या पहिल्याच यादीत या समाधीचा समावेश झाला.

१९५५-५६ मध्ये स्ट्युअर्ट पिगट व रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी येथे शास्त्रीय उत्खनन केले. समाधीत किमान ३६ व्यक्तींचे अवशेष असल्याचे दिसून आले. त्यांत स्त्रिया, पुरुष आणि मुले अशा सर्वांचा समावेश होता. एका वृद्ध पुरुषाच्या गळ्यापाशी गारगोटीच्या बाणाचे टोक सापडले. बहुतेक सांगाडे विस्कळीत होते. कवट्या आणि हातापायांची लांब हाडे अपेक्षेपेक्षा कमी आढळली. ती पुढे मुद्दाम बाहेर काढली गेली असावीत, असे पिगट यांचे मत होते. येथील वस्तू डिव्हायझेस येथील विल्टशायर संग्रहालयात आहेत.

काळनिर्णय

येथे अनेक शतके, पिढ्यान्‌पिढ्या दफने होत राहिली, असा समज दीर्घकाळ रूढ होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो बदलला. हाडांच्या कार्बन-१४ मापनांना संख्याशास्त्रीय विश्लेषणाची जोड दिल्यावर असे दिसले की मुख्य दफने केवळ १० ते ३० वर्षांच्या अवधीत, म्हणजे जेमतेम एका पिढीत झाली. येथे ठेवलेल्यांपैकी कित्येकजण एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता त्यामुळे बळावते.

दफने थांबली, तरी समाधीचे महत्त्व संपले नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या खंडानंतर लोक पुन्हा येथे येऊ लागले. त्यांनी कक्षांत माती, चुनखडकाचा चुरा, मातीच्या भांड्यांचे तुकडे, प्राण्यांची हाडे आणि काही मानवी अवशेष टाकले. हा भराव एक हजाराहून अधिक वर्षे साचत गेला. अखेरीस प्रवेशद्वारापुढे प्रचंड शिळा उभ्या करून समाधी कायमची बंद करण्यात आली. अर्थात तिचा दफनकाळ अल्प असला, तरी तिचा स्मरणकाळ फार दीर्घ होता.

भेट

मार्लबरोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून पायवाटेने केनेट नदी ओलांडून, शेतांमधून चढत सुमारे पाऊण किलोमीटर चालावे लागते. वाटेवरून सिल्बरी हिल हे मानवनिर्मित टेकाड स्पष्ट दिसते. ते इ.स.पू. २४०० च्या सुमारास उभारले गेले, तेव्हा ही समाधी हजार वर्षांहून अधिक जुनी होती.

समाधी बंद करणाऱ्या शिळा आजही दारापुढे उभ्या आहेत, त्यांना वळसा घालून आत शिरावे लागते. आत प्रौढ माणूस ताठ उभा राहू शकतो. मात्र दिसणारी वास्तू जशीच्या तशी प्राचीन नाही. उत्खननानंतर पडलेल्या शिळा पुन्हा उभारण्यात आल्या, छत दुरुस्त करण्यात आले आणि उजेडासाठी छतात काच बसवण्यात आली. कक्ष आता रिकामे आहेत.

हे स्थळ इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या अखत्यारीत असून १९८६ पासून ‘स्टोनहेंज, एव्हबरी व संबंधित स्थळे’ या जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. प्रवेश विनामूल्य आहे. काही जण आत मेणबत्त्या लावतात किंवा फुले व वस्तू ठेवतात. मेणबत्तीच्या उष्णतेने व काजळीने शिळांची हानी होते. त्यामुळे आत ज्योत न लावणे, शिळांवर न चढणे आणि काहीही मागे न ठेवणे हे संरक्षणाच्या दृष्टीने आवश्यक आहे.