गाठीचा ताप आणि हिंगण्याची झोपडी

कोथरूडला कर्वे पुतळ्यापाशी सिग्नल लागला की मान आपोआप वर जाते. महर्षी कर्वे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांचा आश्रम गाव सोडून हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, का गेला? बहुतेक जण सनातन्यांच्या विरोधाचे कारण सांगतात. विरोध होताच. दुसरे कारण मात्र माझ्या विषयातले आहे : प्लेग.

कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या. साथ पुन्हा पुन्हा परतत राहिली. विधवा मुलींना घेऊन दाट वस्तीत राहणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिथल्या झोपडीत गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून कर्वे तिथे पायी जात.

माळावर जाण्याने फायदा का होई? प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता. तो उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखवले; ते सर्वमान्य व्हायला मात्र आणखी काही वर्षे गेली. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाला चावतात. धान्याने भरलेल्या जुन्या वाड्यांत उंदीर भरपूर, उघड्या माळावर कमी. 'उंदीर पडू लागले, घर सोडा' हे लोकांचे शहाणपण शास्त्राच्या आधीचे होते.

१९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. आज या रोगावर प्रतिजैविके आहेत, पण ती वेळेत सुरू व्हावी लागतात. उंदीर मरत असतील आणि कुणाला अचानक थंडी वाजून ताप, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका.

सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे एक गोष्ट पाहतो आहे. कोणताही ताप असो, घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई तपासायला येते. सव्वाशे वर्षांपूर्वी घरादाराने टाकलेल्या मुलींचा जीव आधी वाचवावा, असे कुणाला तरी वाटले. पुढच्या वेळी सिग्नलला थांबाल, तेव्हा घरच्या बाईला एवढेच विचारा : बरे वाटत नाही, असे शेवटचे कधी बोललीस?