चवीचा घोट आणि यकृताचा हिशेब

नाशिकहून गंगापूर धरणाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिथल्या एका वायनरीत लांबट टेबलाभोवती चौदा जण बसले होते. प्रत्येकासमोर पाच रिकामे ग्लास, एक पाण्याचा पेला, बशीत चार खारी बिस्किटे आणि मधोमध एक झाकणाचे भांडे. भांडे कशासाठी, हे सुरुवातीला कोणाच्याच लक्षात आले नाही.

मंडळींमध्ये पुण्याहून आलेले एक कुटुंब होते. बँकेतून निवृत्त झालेले ६१ वर्षांचे गृहस्थ, त्यांची पत्नी, मुलगी आणि गाडी चालवत आलेला जावई. सकाळी आठला वाटेत मिसळ झाली होती. जेवण कार्यक्रमानंतर, तीन वाजता ठरले होते. गृहस्थांना बारा वर्षांपासून मधुमेह. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतलेली.

त्या दिवशीच्या पाचही वाइन एकाच जातीच्या द्राक्षाच्या होत्या. शेनिन ब्लाँ हे त्या जातीचे नाव. मूळची ती फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली. आज तिची सर्वांत जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे आणि तिथे तिला ‘स्टीन’ म्हणतात. नाशिकला ती रुजली त्याचे मुख्य कारण म्हणजे तिचा आंबटपणा. उन्हाच्या प्रदेशात द्राक्ष पिकताना साखर भरभर वाढते आणि आम्ल घटते. मग वाइन बेचव, सपक लागते. शेनिन मात्र उष्ण हवेतही आपले आम्ल बऱ्यापैकी टिकवून धरते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी बहार छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी असे चक्र चालते. युरोपात काढणी पावसाळी शरदात होते, आपल्याकडे कोरड्या हिवाळ्यात.

बुडबुड्यांची, कोरडी, किंचित गोडसर, लाकडी पिंपात मुरवलेली आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड, अशा क्रमाने पाच वाइन येणार होत्या. प्रत्येक ग्लासात साधारण ४० मिली. माहिती देणारी तरुणी म्हणाली, “आधी बघा, मग ग्लास फिरवा, मग वास घ्या, मग घोट घेऊन तोंडात घोळवा. आणि शेवटी त्या भांड्यात थुंका.”

टेबलाभोवती हशा पिकला. “पैसे मोजलेत, थुंकायचं कशाला?” जावयाने विचारले. तिने आग्रह केला नाही. चौदांपैकी एकट्या मुलीने ते भांडे जवळ ओढले.

जीभ कमी, नाक जास्त

चव घेण्याच्या या चार पायऱ्यांमागे शरीरशास्त्र आहे. जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट, मागे कडू असा नकाशा अनेकांनी शाळेत पाहिलेला असतो. तो चुकीचा आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाचही चवी ओळखणाऱ्या पेशी जिभेवर सगळीकडे असतात. जिभेचे काम मात्र या पाचांवर जवळजवळ संपते. पेरू, अननस, हिरवे सफरचंद, मध असे जे काही वाइनमध्ये ‘लागते’ ते नाकाचे काम. घोट तोंडात घोळवला की त्यातले उडून जाणारे रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात वर चढतात. म्हणूनच सर्दी झाली की जेवण बेचव होते. नाक दाबून तोंडात वेलचीचा दाणा चावून पाहावा. थोडासा तिखटपणा जाणवेल, वेलची जाणवणार नाही. नाक सोडताच वेलची हजर होते.

माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक रेणू आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध १९९१ मध्ये लागला आणि त्यासाठी रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी अगदी जवळून जोडलेला असतो. एखाद्या वासाने आजीचे स्वयंपाकघर क्षणात डोळ्यांसमोर उभे राहते ते यामुळेच.

पण हेच नाक सहज फसतेही. फ्रान्समध्ये बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग मिसळून देण्यात आली. तिचे वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्याने आधी निकाल दिला, नाकाने मान डोलावली.

नाशिकच्या त्या टेबलावर एका बाईंना कशाचाच वास आला नाही. सगळे ‘पेरू, पेरू’ म्हणत असताना त्या गप्प होत्या. कोविडनंतर वास पूर्ण परतलाच नाही, असे त्यांनी शेजारणीला हळूच सांगितले. अशा माणसांसाठी नाकाचा व्यायाम आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, काही महिने, लक्ष देऊन घ्यायचे. अनेकांना त्याने फायदा होतो, खर्च नगण्य आहे आणि वाइनची गरज मुळीच नाही. उतारवयात कारण नसताना वास हळूहळू जाऊ लागला, तर मात्र डॉक्टरांना सांगावे. पार्किन्सनच्या आजारात हे लक्षण हात थरथरण्याच्या काही वर्षे आधीही दिसू शकते.

‘बाबांना चढली!’

पाचवा ग्लास संपला तेव्हा अडीच वाजले होते. बँकेतले गृहस्थ मघापासून विनोद सांगत होते, ते एकाएकी थांबले. कपाळावर घाम, हात थरथरताहेत, शब्द अडखळताहेत. “बाबांना चढली!” जावई हसून म्हणाला. दोघे-चौघे हसले. पत्नी म्हणाली, “अहो, पाणी प्या, बरं वाटेल.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक परिचारिका बसली होती. तिने उठून एकच प्रश्न विचारला, “काकांना शुगर आहे का?”

रक्तशर्करा मोजायचे यंत्र गाडीत होते. आकडा आला ५२. म्हणजे दारू चढली नव्हती, साखर उतरली होती. ७० मिलीग्रॅमच्या खालची साखर धोक्याची समजतात. गृहस्थ शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तिने स्वयंपाकघरातून तीन चमचे साखर पाण्यात घालून आणवली. पंधरा मिनिटांनी आकडा ८४ झाला. मग वरणभात आला.

हे कसे घडले? जेवणांच्या मधल्या काळात रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. साठवलेली साखर सोडते आणि साठा कमी पडू लागला की नवी तयार करते. पोटात मद्य गेले की यकृताला ते आधी निकालात काढावे लागते; त्या गडबडीत नवी साखर बनवण्याचे काम मंदावते. त्यात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहतात. वर साडेसहा तासांचे रिकामे पोट. एका बाजूने खर्च चालू, दुसऱ्या बाजूने आवक बंद. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

मधुमेही माणसाला वाटते, गोड वाइन टाळली म्हणजे झाले. पण वाइनच्या साखरेपेक्षा तिच्यातले मद्य त्याला जास्त गोत्यात आणते. आणि साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर, बरळणे, तोल जाणे, नशेसारखीच दिसतात. तोंडाला वास येत असेल तर पाहणारा दुसरा विचारही करत नाही. रस्त्यावर ‘दारुडा’ म्हणून सोडून दिलेला माणूस प्रत्यक्षात साखर उतरून बेशुद्ध पडलेला असू शकतो.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून परिचारिकेने त्यांना नाशिकमध्ये रुग्णालयात नेऊन रात्रीपर्यंत देखरेखीखाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि कुटुंबाने तो ऐकला.

गाडी कोण चालवणार?

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. जावयाने किल्ली उचलली. “मी कुठे प्यायलोय? नुसती चव घेतली.”

हिशेब मांडू. पाच ग्लास, प्रत्येकी ४० मिली, म्हणजे २०० मिली. वाइनमध्ये मद्याचे प्रमाण १२ टक्के धरले तर २४ मिली शुद्ध मद्य, वजनाने सुमारे १९ ग्रॅम. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा एक छोटा पेग सुमारे १० ग्रॅम मद्य देतो. म्हणजे ‘नुसत्या चवी’त दोन छोटे पेग पोटात गेले होते.

स्वीडनच्या एरिक विडमार्क यांच्या सूत्राने अंदाज काढला तर ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात १९ ग्रॅम मद्याने १०० मिलीमागे सुमारे ४० मिलीग्रॅम पातळी येते. तासाला साधारण १५ मिलीग्रॅम कमी होते. चव घेण्यात गेलेला तास वजा केला तरी आकडा २५ ते ४० च्या दरम्यान राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे ३० मिलीग्रॅम. ५५ किलोच्या स्त्रीच्या शरीरात पाणी तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने आकडा ६० च्या आसपास जातो. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो उतरत नाही. फक्त वेळेने उतरतो.

किल्ली अखेर मुलीने घेतली. दुपारभर जिची ‘पैसे वाया घालवतेस’ म्हणून थट्टा झाली होती, तीच तेवढी गाडी चालवण्याच्या स्थितीत होती. आणि पेरूचा वास, आम्लाचा चटका, लाकडाचा मुरलेला गंध हे सगळे तिलाही तितकेच कळले होते. वाइन पारखण्याचा व्यवसाय करणारे दिवसाला कित्येक नमुने चाखतात ते याच पद्धतीने, कारण चव घशाच्या खाली नसतेच.

हृदयाला चांगली?

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे आपल्याकडे वारंवार ऐकू येते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून राज्यात वाद झाला तेव्हाही हे वाक्य गाजले. वाइनमुळे द्राक्ष उत्पादकाला किती आधार मिळतो, हा अर्थकारणाचा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. शरीरशास्त्र मात्र बाटली पाहत नाही. वाइन, बिअर, व्हिस्की, देशी, सगळ्यांत रेणू एकच, इथेनॉल.

फ्रेंच लोक स्निग्ध पदार्थ खाऊनही हृदयविकारापासून तुलनेने दूर राहतात आणि त्याचे श्रेय वाइनला असावे, ही कल्पना १९९०च्या दशकात जगभर पसरली. लाल वाइनमधल्या रेझव्हेरॅट्रॉलचे नाव पुढे आले. ते द्राक्षाच्या सालीत असते. पांढरी वाइन करताना रस सालीपासून लवकर वेगळा काढतात, त्यामुळे तिच्यात ते अत्यल्प असते. आणि लाल वाइनमध्येही औषध ठरावे इतके नसते. जुन्या अभ्यासांत आणखी एक मेख होती. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले. मग थोडी पिणारे त्यांच्या तुलनेत निरोगी दिसणारच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. मद्याची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. थोडे घेतले तर धोका थोडा, जास्त घेतले तर जास्त. शून्य धोक्याची रेषा नाही. जो घेत नाही, त्याने आरोग्यासाठी म्हणून सुरू करण्याचे काहीच कारण नाही.

गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, पूर्वी व्यसन सुटलेले लोक, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोलसारखी औषधे घेणारे यांनी अशा कार्यक्रमात एक घोटही घेऊ नये. दम्याच्या काही रुग्णांना वाइनमधल्या सल्फाइटचा त्रास होतो. पांढऱ्या वाइनचे आम्ल दातांच्या आवरणालाही झिजवते. चुळा भराव्यात, पण लगेच दात घासू नयेत. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही.

गृहस्थ रात्री दहाला घरी जायला निघाले. वाटेत त्यांनी मुलीला विचारले, “त्या शेवटच्या ग्लासात नक्की कसला वास होता गं?”

“मधाचा,” ती म्हणाली. “आणि थोडा जर्दाळूचा.”