बोट मागे, कुत्रा पुढे

ब्रिटनच्या कालव्यांवर वेगमर्यादा आहे ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आतच. काठाला बांधलेल्या बोटींशेजारून जाताना त्याहूनही हळू. सारसबागेत सकाळी फिरणारे आजोबा सहज मागे टाकतील! त्यामुळे बोटीवर कुत्रा असेल तर तो आत थोडाच बसतोय? काठावरच्या पायवाटेने, 'टोपाथ'वरून, तो पुढे जातो, चार झुडपं हुंगतो आणि वळून बघतो : येताय ना?

इथल्या अरुंद बोटी, म्हणजे नॅरोबोटी, रुंदीला जेमतेम ६ फूट १० इंच आणि लांबीला ७० फुटांपर्यंत. एसटीपेक्षा अरुंद, पण लांबी जवळजवळ दोन एसटींची. इतकी किडकिडीत का? १७६६ साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम सुरू झालं, तेव्हा अभियंता जेम्स ब्रिंडलीने बोटी वर-खाली नेणारे लॉक सातेक फूट रुंदीचे धरले. पाणी वाचलं, पैसे वाचले आणि मिडलँड्समधल्या बऱ्याच कालव्यांनी तेच माप गिरवलं. आज आत बैठक, ओटा, न्हाणी, पलंग, सगळं रेल्वेच्या डब्यासारखं एकामागे एक. कुत्र्याने मधल्या बोळात ताणून दिली, की चहाचा कप घेऊन त्याला ओलांडणं ही कसरत.

पूर्वी हीच बोट घोडा ओढायचा. रस्त्यावर दोनेक टनांत दमणारा घोडा पाण्यावर २५-३० टन माल ओढून नेई. दोर घासून पुलांच्या कोपऱ्यांवर पडलेल्या खाचा अजून दिसतात, त्यांत बोट घालून बघा (हाताचं!). बऱ्याच जुन्या बोगद्यांत घोड्याला वाटच नसे. मग माणसं फळीवर उताणी पडून भिंतीला पाय लावत बोट रेटायची. स्टँडेजचा बोगदा सव्वातीन मैलांचा आहे. घोडा तेवढ्या वेळात डोंगरावरून चालत पलीकडे.

सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते. त्यात गंमत अशी, की रस्त्यावर डावीकडून जाणारे ब्रिटिश पाण्यावर समोरून बोट आली की उजवी बाजू धरतात. नवख्याचा पहिला तास झुडपांतच जातो.

लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली. झडपा हातानेच फिरवायच्या, एकेका लॉकला दहा-पंधरा मिनिटं. खाली उतरताना मात्र गंमत नाही. मागच्या दरवाज्याशी पाण्याखाली एक उंबरा असतो. बोटीचं शेपूट त्यावर टेकलं, तर पाणी उतरत जातं आणि नाक बुडू लागतं. सगळं लक्ष तिकडे हवं, म्हणून लॉकमध्ये कुत्रा आत कोंडलेला बरा. त्याच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवर एक मूठ असते. पाण्यात पडलाच, तर भाजीच्या पिशवीसारखा वर उचलायचा!

हे सगळं काठावरून नुसतं बघत उभ्या राहणाऱ्यांना तिकडे खास शब्द आहे : गॉन्गूझलर. आपल्याकडे जेसीबीभोवती जमणारी मंडळी ती हीच.

साहित्यातला सर्वांत गाजलेला नावेतला कुत्रा म्हणजे जेरोम के. जेरोमच्या १८८९च्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला माँटमोरेन्सी. तो थेम्सवरच्या वल्ह्यांच्या होडीतला, आणि चक्क काल्पनिक. टेरी डार्लिंग्टन यांचा व्हिपेट जातीचा जिम मात्र खरा होता. त्याला घेऊन टेरी आणि त्यांची पत्नी हे जोडपं नॅरोबोटीने इंग्लिश खाडी ओलांडून थेट दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनला गेलं. जिमला बोट मुळीच आवडत नसे, ते सोडा.

एकच दिवस हाताशी असेल तर मी वेल्समधला लँगॉथलेन कालवा निवडेन. तिथे १८०५ साली खुला झालेला पॉन्टकसल्टेचा पूल आहे. टेलफर्ड आणि जेसप यांचं काम, ३०७ मीटर लांब, डी नदीपासून ३८ मीटर उंच. बोट लोखंडी पन्हाळीतून जाते. पन्हाळीचे सांधे साखरेच्या पाकात बुडवलेल्या फ्लॅनेलने बुजवले होते, असं सांगतात. दुरुस्तीच्या वेळी तळाचं बूच काढायचं, की पाणी थेट नदीत! एका बाजूला कठडा आणि पायवाट, दुसऱ्या बाजूला पन्हाळीची बोटभर कड आणि पुढे हवा. कुत्रा पायवाटेनेच जातो. शहाणा असतो.

पुढे कालवा काही ठिकाणी एकाच बोटीपुरता अरुंद होतो. समोरून कोणी येतंय का, हे बघायला एकाला आधी चालत पाठवतात. तो कोपऱ्यावरून फोन करतो, "या." कुत्रा एव्हाना दोन बदकांच्या मागे लागून पुढच्या पुलापाशी पोचलेला असतो.