बारामतीचे रॉकेट, फ्लोरिडाची हवा

‘ओपनरॉकेट’ हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर बारामतीतल्या कुठल्याही लॅपटॉपवर टाका आणि नवे सिम्युलेशन उघडा. उड्डाणाच्या जागेचे रकाने आधीच भरलेले असतात. अक्षांश २८.६१ उत्तर, रेखांश ८०.६० पश्चिम. नकाशावर हा बिंदू फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, केनेडी स्पेस सेंटरच्या परिसरात निघतो. उंची शून्य, म्हणजे समुद्रसपाटी. तापमान १५ अंश. वारा सेकंदाला दोन मीटर. बटण दाबले की पडद्यावर समजा ‘३१२ मीटर’ उमटते आणि तो आकडा थेट प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर जाऊन बसतो. तो खरा असेलही, पण फ्लोरिडातल्या एखाद्या गार सकाळी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेस, इस्रो आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट (डब्याएवढा छोटा उपग्रह) स्पर्धा घेतली. त्या उड्डाणांचे व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे फिरले. ते पाहून पुढच्या वेळी उतरायचे ठरवणाऱ्या मुलामुलींच्या हाती पहिली गोष्ट येणार ती हे सॉफ्टवेअर, आणि त्यातले सर्वांत दुर्लक्षित पान म्हणजे ‘प्रेफरन्सेस’. बहुतेक जण तिथे एकदाच जातात, पडदा काळा करायला.

रॉकेट या भागाला नवे नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, शेठ वालचंद हिराचंदांनी उसाच्या जोरावर वसवलेल्या गावात, इस्रोच्या पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ या रॉकेटांच्या घन इंधनाच्या मोटरची केसिंग बनली आहेत. एलव्हीएम-३च्या दोन्ही बाजूंना जे एस-२०० बूस्टर असतात त्यांचा व्यास ३.२ मीटर. चंद्रयान-३ याच जातीच्या रॉकेटने १४ जुलै २०२३ रोजी उचलले. विद्यार्थ्याची पुठ्ठ्याची नळी ४१ मिलिमीटरची धरली तर हा बूस्टर तिच्या ७८ पट रुंद. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: हे माप कशात घेतले, आणि कोणी?

ओपनरॉकेटचा कर्ता सांपो निस्कानेन. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात २००९ साली त्याने पदव्युत्तर प्रबंध म्हणून हे सॉफ्टवेअर लिहिले आणि कोड सर्वांना खुला केला. तोवर या क्षेत्रात मुख्यतः अपोजी कंपनीचे ‘रॉकसिम’ होते आणि त्याला पैसे पडत. निस्कानेननंतर स्वयंसेवकांनी गाडा ओढला, तोही धक्क्याधक्क्याने. १५.०३ या आवृत्तीनंतरची मोठी आवृत्ती २२.०२. हे आकडे साल आणि महिन्याचे आहेत, म्हणजे मधे सात वर्षे गेली. फुकटच्या सॉफ्टवेअरला नावे ठेवण्याआधी एवढे लक्षात असावे.

आता प्रेफरन्सेसचे पान. त्यातला एककांचा भाग दिसायला सर्वांत कंटाळवाणा आणि आपल्याकडे सर्वांत उपयोगी. लांबी, वजन, वेग, दाब या प्रत्येकाचे एकक वेगवेगळे निवडता येते. बारामतीच्या हार्डवेअरच्या दुकानात पाइप इंचात मिळतो, प्लायवूड मिलिमीटरमध्ये, आणि फॅब्रिकेशनवाला सुतात बोलतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ओपनरॉकेटमध्ये इंचाचे चौसष्टावे भाग दाखवायचीही सोय आहे, त्यामुळे एक सूत तिथे आठ भागांचे होते. आत, फाइलमध्ये मात्र सगळे मीटर आणि किलोग्रॅममध्येच साठते, तुम्ही काहीही निवडा. म्हणून एकक बदलल्याने रॉकेट बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंच चालू आहेत हे न पाहता ‘४१’ टाइप केल्याने. प्रेफरन्सेस रॉकेटच्या फाइलबरोबर जात नाहीत, त्या त्या यंत्रावरच राहतात. ज्या लॅबमध्ये कॉम्प्युटर बंद-चालू केला की सगळे पूर्ववत होते, तिथे तर त्या रोज सकाळी पुसल्या जातात.

पुढचा भाग साहित्याचा. यादीत एस्टेससारख्या अमेरिकी कंपन्यांच्या नळ्या, नोज कोन तयार मिळतात, फक्त ते तिथल्या दुकानातले असतात. इथला विद्यार्थी कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणतो आणि यादीतून ‘कार्डबोर्ड’ निवडतो. सॉफ्टवेअर त्याची घनता घनमीटरला ६८० किलो धरते. समजा नळी ६०० मिलिमीटर लांब, बाहेरचा व्यास ४१, आतला ३८. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ती ७६ ग्रॅमची. सोनाराकडे नको, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली आणि ९५ भरली, तर खरी घनता ८५० निघाली. हा आकडा आपले साहित्य म्हणून एकदाच नोंदवायचा, मग तो पुढच्या प्रत्येक डिझाइनला मिळतो. फिनसाठी बाल्साऐवजी सनबोर्ड किंवा प्लाय वापरला तर तेच. बाल्साची नोंद १७० आहे, आणि त्याच मापाचा प्लाय तिपटीहून जड भरतो. हे जास्तीचे वजन शेपटीला पडते आणि गुरुत्वमध्य मागे ओढते.

आणि गुरुत्वमध्य मागे सरकणे हीच मॉडेल रॉकेटची खरी भीती. इथे एका माणसाला थोडी जास्त जागा द्यावी लागेल.

जेम्स बॅरोमन नासाच्या गोडार्ड केंद्रात साउंडिंग रॉकेटवर, म्हणजे वरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या छोट्या रॉकेटवर, काम करायचा, आणि फावल्या वेळात मॉडेल रॉकेट उडवायचा. त्या काळी रॉकेट सरळ जाईल की कोलांट्या खाईल हे ठरवायची छंदिष्टांची रीत साधी होती. रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि ती पट्टीच्या कडेवर तोलून धरायची. जिथे तोल साधेल ते दाबकेंद्र, म्हणजे हवेचा सगळा रेटा जिथे एकवटतो तो बिंदू. हे उत्तर सुरक्षित बाजूला चुकायचे, पण चुकायचे. हवा रॉकेटला आडवी लागते असे त्यात गृहीत होते आणि प्रत्यक्षात ती जवळजवळ समोरून लागते. बॅरोमनने १९६६ मध्ये अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या राष्ट्रीय मेळाव्यात पत्नी ज्युडिथसह नवी पद्धत मांडली. नाक, खांदा, फिन यांचा वाटा वेगवेगळा काढायचा आणि बेरीज करायची. कागद-पेन्सिलने जमेल इतकी ती सोपी. पुढच्याच वर्षी तो त्याचा पदव्युत्तर प्रबंध झाला. छंदाच्या स्पर्धेतून निघालेले गणित आजही खऱ्या साउंडिंग रॉकेटच्या पुस्तकांत आहे आणि ओपनरॉकेटचा पायाही तेच. त्याच १९६७ साली २० नोव्हेंबरला केरळातल्या थुंब्याहून भारताचे पहिले रोहिणी रॉकेट उडाले. त्याचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे आजच्या काही विद्यार्थ्यांच्या रॉकेटांएवढाच.

बॅरोमनच्या रीतीला काही अटी आहेत. त्यातली एक प्रेफरन्सेसमध्ये डोकावते. डिझाइनच्या पडद्यावर दिसणारे दाबकेंद्र मॅक ०.३ या वेगाला काढलेले असते, ताशी सुमारे ३७० किलोमीटर. हा आकडा बदलता येतो. दुसरे, स्थैर्य ‘कॅलिबर’मध्ये दिसते. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे किमान एका व्यासाइतका असावा, असा जुना दंडक आहे. दहास एक अशा ठेंगण्या रॉकेटला तो बरा लागू पडतो. उसासारखे लांबडे, पंचवीसास एक अशा बांध्याचे रॉकेट केले तर एक कॅलिबर म्हणजे लांबीच्या फक्त चार टक्के. नव्या आवृत्त्यांमध्ये स्थैर्य लांबीच्या टक्क्यांत दाखवायची सोय आहे, ती चालू करावी. शिक्षकांनी तर सक्तीच करावी.

हवेकडे येऊ. अक्षांश बदलून बारामतीचे १८.१५ केले की बरेच जण समाधानाने खिडकी बंद करतात. त्याने होते काय? फ्लोरिडा आणि बारामती यांच्या गुरुत्वाकर्षणात एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक नाही. तीनशे मीटर जाणाऱ्या रॉकेटला अक्षांश म्हणजे केवळ पत्ता. खरा फरक करते ती ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणित वातावरण’ या चौकोनातली टिकमार्क. ती तशीच ठेवून बारामतीची साडेपाचशे-सहाशे मीटर उंची भरली, तर सॉफ्टवेअर प्रमाणित तक्त्यानुसार तापमान आपोआप खाली आणते: सुमारे ११ अंश. एमआयडीसीतल्या मे महिन्यातल्या दुपारी, ११ अंश!

टिक काढून ३८ अंश आणि खरा दाब भरला की हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोवरून १.०६ च्या आसपास येते. हवेचा अडथळा तेरा टक्क्यांनी कमी. रॉकेट थोडे वर जाते, किती ते त्याच्या वजनावर आणि जाडीवर. अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज या २००३ पासून चालणाऱ्या शालेय स्पर्धेत ठरवून दिलेल्या उंचीपासून जितके फूट चुकाल तितके गुण चढतात आणि सर्वांत कमी गुणांचा संघ जिंकतो. तिथे असे दोन-चार टक्के म्हणजे सगळा खेळ.

दाब भरताना एक फसगत हमखास होते. मोबाइलवरचे हवामानाचे ॲप १००६ किंवा १००८ हेक्टोपास्कल दाखवते. तो समुद्रसपाटीला नेऊन काढलेला दाब असतो, नकाशावर गावांची तुलना करता यावी म्हणून. बारामतीच्या मैदानावर प्रत्यक्ष दाब ९४५ च्या आसपास. ॲपवरचा आकडा जसाच्या तसा टाकला तर पठारावरची हवा पुन्हा किनाऱ्यावर जाते. शंभर-दोनशे रुपयांचा दाबाचा सेन्सर मैदानात धरला की हा प्रश्न मिटतो, आणि तो सेन्सर बहुतेक रॉकेटांत उंची मोजायला तसाही असतोच.

वारा हा आणखी अवघड. सेकंदाला दोन मीटर ही मूळ सेटिंग, ताशी सात किलोमीटर. आषाढात या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस कमी आणि वारा उदंड. समजा रॉकेट उड्डाणाची सळई सोडताना सेकंदाला १५ मीटर वेगाने चालले आहे आणि आडवा वारा पाच मीटरचा आहे. हवा त्याला १८ अंशांच्या कोनातून लागते, आणि बॅरोमनचे गणित लहान कोनांसाठीच आहे. परतीचा हिशेबही करून पाहा. तीनशे मीटरवरून पॅराशूट सेकंदाला पाच मीटरने उतरले तर मिनिट लागते. दोन मीटरच्या वाऱ्यात रॉकेट १२० मीटर वाहते, सहा मीटरच्या वाऱ्यात ३६०. एवढ्या अंतरात बारामती-इंदापुरात ऊस लागतोच. दहा-बारा फुटी उसात पडलेले रॉकेट तोडणी होईपर्यंत विसरावे.

ओपनरॉकेट वाऱ्यात मुद्दाम खळबळ मिसळते, त्यामुळे तेच सिम्युलेशन पुन्हा चालवले की उत्तर किंचित वेगळे येते. हा बिघाड नाही. वीस वेळा चालवून कुठून कुठपर्यंत आकडे येतात ते पाहायचे असते. २४.१२ या आवृत्तीपासून उंचीनुसार वेगवेगळा वारा भरता येतो. या संदर्भात डॉ. वसंत गोवारीकर आठवतात. थुंब्यात घन इंधन उभे करणारा हा पुण्याचा शास्त्रज्ञ पुढे मान्सूनकडे वळला आणि १९८८ मध्ये पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप देऊन गेला. २००२च्या दुष्काळाचा अंदाज चुकला आणि हवामान खात्याने पुढच्याच वर्षी ते प्रारूप बदलले. घटक बदलावे लागतात, हे सरकारी खात्यालाही मान्य आहे. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मात्र उंची अजून दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापली जाते.

राहता राहिली मोटर. यादीत शेकडो आहेत, इथल्या दुकानात एकही नाही. म्हणून ‘वापरकर्त्याचे थ्रस्ट कर्व्ह’ हा प्रेफरन्सेसमधला फोल्डर आपल्याकडे सर्वांत मोलाचा. मोटर बाकावर बांधून चाचणी घेतल्यावर दर क्षणाचा रेटा एका साध्या तक्त्यात लिहायचा आणि ती फाइल त्या फोल्डरात ठेवायची. रॉकेटची फाइल दुसरीकडे नेताना ही फाइल वेगळी सोबत न्यावी, नाहीतर डिझाइन उघडते आणि मोटर गायब असते. ती मोटर बनवणार कोण, हा मात्र सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही. परदेशातले छंदिष्ट साखरेचे इंधन वापरतात, हे साखर कारखान्यांच्या छायेत वाढलेल्या मुलांना इंटरनेटवर लगेच सापडते. ते घरी करून पाहणे बोटांशी खेळ आहे, आणि परवान्याशिवाय १८८४च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हाही. परवाने देणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. शिक्षकांनी पत्रव्यवहार तिथून सुरू करावा.

जागेचेही तसेच. बारामती एमआयडीसीला लागून धावपट्टी आहे आणि तिच्यावरून प्रशिक्षणाची विमाने उडतात. त्या आकाशात कुणाचेही रॉकेट जाता कामा नये, कितीही लहान असो. मैदान लांब, मोकळे आणि उसापासून दूर शोधायचे, विमानतळ आणि पोलीस दोघांनाही लेखी कळवून परवानगी घ्यायची. वेळ शक्यतो सकाळी सातच्या आधीची ठेवायची, वारा पडलेला असतो तेव्हाची. तापमानाच्या रकान्यातही मग दुपारचे ३८ न ठेवता त्या सकाळचा आकडा भरायचा.