बाबांनी बनवलेला टीव्ही दुरुस्तीला आला, तर कोटेशन कसं द्याल?

व्हिडिओत हिशेब सांगितला, पण काम घाईत उरकलं. म्हणून इथे नीट लिहितोय.

समजा, भिवंडीत धामणकर नाक्याजवळ तुमचं दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा टीव्ही घेऊन येतं. कंपनीचं नाव कुठेच नाही. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर वडिलांनी सुटे पार्ट आणून घरीच जोडलेला. "बाबांची आठवण आहे. किती होतील?"

इथेच आपला माणूस फसतो. "दीड हजार द्या, होऊन जाईल," म्हणतो आणि प्लग लावतो. थांबा! वर्षानुवर्षं बंद असलेला माग जॉबर एकदम चालू करतो का? आधी हाताने फिरवून बघतो ना? इथेही तेच. जुने कंडेन्सर लीक असतात. थेट 230 व्होल्ट दिले तर ईएचटी जळू शकते, आणि घरगुती सेटला तशीच दुसरी बाजारात मिळत नाही. मग दीड हजारही गेले आणि बाबांची आठवणही.

म्हणून कोटेशन तीन टप्प्यांत द्या.

1. तपासणी. सर्किट छापलेलं नाही, ते वायर बघत हाताने काढावं लागतं. याला 10 तास लागले आणि तुमचा तास 150 रुपयांचा असेल, तर 1,500 इथेच झाले. टीव्ही चालो न चालो, ही फी घ्यायचीच.

2. दुरुस्ती. कागदी आणि फिल्टर कंडेन्सर आधी तपासा, खराब ते बदला. मग व्हेरिॲकने व्होल्टेज हळूहळू चढवा. व्हॉल्व्हचे हीटर बऱ्याचदा दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक असतात, एक गेला की सगळे बंद. लाइन आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल दिसली तर लगेच बंद करा. बहुधा त्याला ड्राइव्ह मिळत नाहीये.

3. सेटिंग. ॲनालॉग सिग्नल आता नाही, म्हणून सेट-टॉप बॉक्सला आरएफ मॉड्युलेटर जोडा. आपल्याकडची पद्धत 625 रेषांची. चित्र तिरपं फाटतंय? हॉरिझॉन्टल होल्ड. वरखाली पळतंय? व्हर्टिकल होल्ड. मग हाइट आणि लिनिॲरिटी, पडद्यावरचं वर्तुळ गोल दिसेपर्यंत. अर्धा तास सेट तापू द्या आणि पुन्हा बघा, कारण गरम झाल्यावर सेटिंग सरकतं.

एक गोष्ट मात्र पैशापेक्षा मोठी. अशा अनेक सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असते आणि पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात. बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा, ट्यूब डिस्चार्ज करा, एकटे काम करू नका. हे शिकलेलं नसेल तर काम घेऊच नका. "हे मला जमणार नाही" म्हणणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावत नाही.

आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी लिहून द्या: ईएचटी किंवा पिक्चर ट्यूब गेलेली निघाली, तर टीव्ही चालेलच असं नाही. प्रत्येक टप्प्यानंतर विचारूनच पुढे जाईन.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातलं एक "होऊन जाईल" काम घ्या आणि त्याचे असे तीन टप्पे वहीत लिहा. वरचा आकडा आपोआप बदलेल.