काउंटरवरच्या माणसाला विचारा

प्रवासाला निघताना आपण डबे, चादरी, जानमाज सगळं आठवणीनं घेतो. हॉटेलात पोचल्यावर मात्र किल्ली घेऊन सरळ खोली गाठतो. काउंटरवरच्या माणसाशी दोन शब्द बोलत नाही. आमचंही तसंच होतं. विचारलं तर पैसे मागेल, खेड्यातले म्हणून हसेल, ही धास्ती.

मोठ्या हॉटेलांत या कामासाठी वेगळा माणूस असतो. त्याला काँसिएर्ज म्हणतात. गाडी, तिकिटं, डॉक्टर, पाहुण्याला शहरात जे लागेल ते मिळवून देणं हेच त्याचं काम. त्याच्या कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या, तर समजावं, हा त्यांच्या जागतिक संघटनेचा सदस्य आहे. ही परंपरा १९२९ मध्ये पॅरिसला सुरू झाली. आपल्या खिशाला परवडणाऱ्या लॉजमध्ये सोनेरी किल्ल्या नसतात, पण शहर जाणणारा माणूस बहुधा असतोच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हैदराबादला गेलो. नसरापूरहून चेलाडी फाटा, तिथून पुणे आणि पुढे रेल्वे. नामपल्लीजवळच्या लॉजवर सामान टाकलं, जेवलो, आणि रात्री नऊ वाजता लक्षात आलं, अम्मींचं इन्सुलिनचं पेन घरच्या फ्रिजमध्येच राहिलं! अम्मींचं वय सत्तर. कुणाचाच चेहरा पाहवेना.

खाली काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी नुसता औषधाच्या दुकानाचा पत्ता सांगितला नाही. आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. तिचा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये होता, म्हणून निभावलं. त्यावरचं नाव वाचून त्यांनी दुकानात फोन केला, पेन आहे याची खात्री केली आणि आमच्याबरोबर एक पोरगा दिला. जादा घेतलेलं, न उघडलेलं पेन स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खोलीचा नंबर लिहून ठेवलं. अम्मींना म्हणाले, "अम्मा, फिकर नक्को करो." हा 'नक्को' आपल्याच मराठीतून दखनीत गेलेला, तो ऐकून अम्मींना निम्मं बरं वाटलं असावं.

मग भीड चेपली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्ही सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस ठरवून बसलो होतो. ते म्हणाले, शुक्रवारी दोन्ही बंद. (ताजमहालही शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो, हे आग्र्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) त्यांनी बेत फिरवून दिला. शुक्रवारी मक्का मशीद आणि चारमिनार, शनिवारी म्युझियम, तेही बाराच्या आत पोचा, कारण तिथलं वाजणारं घड्याळ बाराला सर्वांत जास्त ठोके देतं. गोवळकोंड्याला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या. अम्मींना खालीच सावलीत बसवा, असं बजावलं. किबला कुठे, रिक्षाचं वाजवी भाडं किती, तेही सांगितलं.

विचारण्याचीही पद्धत असते. "इथे पाहण्यासारखं काय?" असं विचारलं, की सगळ्यांना मिळतं तेच उत्तर मिळतं. "आमच्याकडे चार तास आहेत, म्हातारं माणूस बरोबर आहे, जेवण हलाल हवं," असं सांगितलं, की समोरचा खरा विचार करतो. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" हा प्रश्न तर कधी वाया गेला नाही. खरेदीचं मात्र जपून. दुसऱ्या एका शहरात आम्हाला अशाच माणसानं ज्या दुकानात धाडलं, तिथल्या साड्या शेजारच्या दुकानात निम्म्या भावात होत्या.

निघताना आम्ही चाचांना पैसे देऊ लागलो. त्यांनी घेतले नाहीत, बरोबर आलेल्या पोराला द्यायला सांगितले.

आता प्रवासाच्या आदल्या रात्री आमच्या फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लागते: 'पेन'. तरी हॉटेलात शिरल्यावर अम्मी खोलीकडे जात नाहीत. आधी काउंटरवर सलाम करतात आणि तिथलीच खुर्ची ओढून बसतात.