मालवणला बोटीत बसण्याआधी कॅलेंडरात तिथी बघा

उसाची शेवटची ट्रॉली कारखान्याला गेली की आपल्याकडं गावागावात मालवणच्या गाड्या ठरतात. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरायचा, मग कणकवली-कसालवरून मालवण. कोल्हापुरातनं दीडशे किलोमीटरच्या पुढं-मागं. किल्ल्याची बोट, देवबागची सफर आणि अलीकडं वाढलेली हौस म्हणजे अख्खी बोट भाड्यानं घेऊन मासे गरवणं. हौस चांगलीच आहे. पण आपण विहिरीत आणि नदीत पोहायला शिकलेली माणसं. नदीला पाणी चढतं ते पावसानं, नाहीतर धरणातनं सोडल्यावर, आणि सोडायच्या आधी भोंगा तरी वाजतो. समुद्राचं पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि भोंगा कुणी वाजवत नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आमचीच फजिती. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या मुखात वाळूचा पट्टा आहे. सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनं हे बेट वर आलं, अशी गोष्ट तिथं ऐकायला मिळते. आम्ही सातजण, त्यात दोन लहान पोरं. सकाळी दहाला उतरलो तेव्हा घोट्याएवढं पाणी. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून जाकिटं बोटीतच टाकली. बोटवाला म्हणाला, अर्ध्या तासात येतो. आम्हीच म्हणालो, घाई नको, तासाभरानं ये. तो दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेला आणि त्याला उशीर झाला. अकराला पाणी गुडघ्याला, साडेअकराला मांडीच्या वर. पायाखालची वाळू सरकायला लागली, पोरं खांद्यावर घेतली. आमच्यातला एक पंचगंगेच्या पुरात पोहणारा गडी, पण तो पण गप्प झाला. बोट आली म्हणून आज हे लिहितोय. चूक निम्मी त्याची, निम्मी आमची.

परत येताना त्याच बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशानं विचारलं, "आज तिथी कितवी?" द्वितीया होती. मग त्यानं जे गणित सांगितलं ते आपल्या शेतकऱ्याला पाचच मिनिटांत कळेल. कोकणात ते जुनं आहे.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं, म्हणून अमावस्येलाही सव्वाअकराच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, तिच्यापुढं सहा तासांनी परत भरती. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, पण सहलीपुरतं हे गणित पुरतं. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच मागं सरकते, एवढंच त्यातलं शास्त्र.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. आम्ही वाळूवर उभे होतो ते नेमके तेच दोन तास. त्यात पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. आमची द्वितीया, म्हणजे उधाणातलीच.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीवरनं समुद्राकडं मतलई वारा असतो, पाणी त्यातल्या त्यात शांत. दुपारनंतर समुद्रावरनं खारा वारा सुटतो आणि लाट वाढते. गरवायला जाणारे पहाटेच का निघतात ते यावरनं कळेल. ज्याला बोट लागते त्यानं तर दुपारची फेरी घेऊच नये.

गरवायची बोट

आपल्याकडं काठी, दोरा, गांडूळ, आणि मरळ लागली तर दिवस सार्थकी. तिथं काठी लागतेच असं नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, हातातच धरायची. टोकाला शिशाचं वजन आणि गळ. आमिष म्हणून कोळंबी, बांगड्याचा तुकडा नाहीतर माकुल. वजन तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं आणि बोटावर दोरी ठेवून गप बसायचं. खाडीच्या तोंडाला तांबोशी, पालू, शेंगटी, नशीब असेल तर चोणाक. शेंगटीचा काटा विषारी, ती हातानं सोडवायला जाऊ नका, खलाशालाच सोडवू द्या. मासा मिळेलच असं कुणी सांगत असेल तर त्याच्या बोटीत बसू नका.

भाडं ठरवताना चार गोष्टी आधीच विचारा. किती तास, डिझेल धरून का, गळ-आमिष त्यांचं का, आणि मिळालेला मासा कुणाचा. शेवटच्या प्रश्नावरनंच किनाऱ्यावर आल्यावर जास्त भांडणं होतात. आणि किल्ल्याभोवती गळ टाकायचा हट्ट धरू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं आहे, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, आणि किल्ल्याचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो.

बेटावरच्या गोष्टी

सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर. १६६४ ला पाया घातला, १६६७ ला काम पुरं झालं. ४८ एकराचा पसारा. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा आधी बघा. तिथं गणपती, चंद्र-सूर्य कोरलेत आणि महाराजांनी पूजा तिथं केली असं सांगतात. आत दरवाजाजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी बांधलेलं, त्यातल्या मूर्तीला दाढी नाही.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चारी बाजूला खारं आणि मधी गोडं पाणी, लोक चमत्कार म्हणतात. पण बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वर तरंगून राहतं. बेतानं उपसलं तर गोडं, मोटर लावून ओढलं तर खारट होणार. एक गोष्ट मात्र मला पचली नाही. देवळाखालनं समुद्राच्या तळातनं किनाऱ्यापर्यंत भुयार होतं म्हणे. आमच्याकडं पन्नास फूट विहीर खणताना दोन मोटरी पाणी उपसायला लागतात, तर तिथं काय झालं असेल? आमच्यातल्या एकानं त्यावर रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट ठोकून दिली, की तो गव्हाएवढा पुढं सरकतो, तांदळाएवढा मागं येतो, आणि तळ्याला पोचला की प्रलय. खलाशी म्हणाला, मग तुमचं भुयारच बरं.

कोल्हापूरकरांनी एक ध्यानात ठेवावं, हा किल्ला आपल्या गादीचा होता. १७६५ ला इंग्रजांनी तो घेतला, नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस, मग करवीरला परत दिला. १८१२ च्या तहात सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट सगळंच गेलं आणि करवीरचं आरमारही संपलं. पद्मगडाला ओहोटीला चालत जाता येतं. जाताना वाट दिसते म्हणून येताना दिसेल असं नाही. तिथंही तिथीचं गणित करूनच पाय टाकायचा.

किल्ल्याची बोट आणि पाण्यातले खेळ साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्यांनी फोन करूनच निघावं. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. बंदीला दोनच दिवस उरले होते.

जाकीट अंगात घालून पट्टे आवळायचे, नुसतं मांडीवर घेऊन बसायचं नाही. पोरांना पोरांच्या मापाचं मागायचं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते डोक्यावरनं निघून जातं. म्हातारा खलाशी आम्हाला म्हणाला होता, "दादानू, जाकीट घातल्याशिवाय होडी सुटाची नाय." हे तो जाताना म्हणाला असता तर बरं झालं असतं, पण जाताना तो बोटीवर नव्हता.

आमच्या गावची गाडी परत निघणार आहे. यावेळी षष्ठी बघितली आहे. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. नऊला वाळूवर उतरायचं, अकराला बोटीत. पोरांची दोन लहान जाकिटं फोनवरच सांगून ठेवलीत.